टोपलं मोडलं, उकिरडा राहिला

माझ्या मुलाचं म्हणणं एवढंच होतं, की घरामागच्या जागेत गट्टू बसवायचे. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे, नागमोडी कडांचे, लाल-करड्या रंगाचे. भंडाऱ्यात आता नव्या घराच्या पुढं ते असतातच. चिखल होत नाही, झाडायला सोपं, पाहुण्यांच्या चपला खराब होत नाहीत. माझा गट्टूंवर राग नाही. पुढच्या अंगणात बसवले तेव्हा बसवणाऱ्यांना मीच दोनदा चहा करून दिला. पण मागच्या जागेत माझा उकिरडा आहे. तिथं गट्टू बसणार नाहीत, असं मी सांगितलं आणि घरात दोन पक्ष झाले. एका पक्षात मुलगा आणि दुसऱ्यात मी. सून दोन्हीकडं पोळ्या वाढत होती.

"आई, त्याले उकिरडा तरी नका म्हणू न," ती मला म्हणाली. "कंपोस्ट म्हणा. ऐकायले बरं वाटते."

"नाव बदललं तर वास बदलते का वो?"

"वास तर येतच नाही आता."

"मग उकिरडाच म्हणते मी. वास न येणारा उकिरडा."

आधी मात्र वास येत होता, हे कबूल करते. तो माझ्या चुकीनं येत होता. ती चूक अगोदरच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी माझ्या तोंडावर मारायला नको.

हे घर ज्या लेआउटमध्ये आहे तिथं पूर्वी धानाच्या बांध्या होत्या. प्लॉट पाडणाऱ्यानं त्या मुरूम टाकून बुजवल्या, वरून घरं बांधताना विटांचे तुकडे, गिट्टी, वाळलेलं सिमेंट पडलं. खाली सोन्यासारखी काळी जमीन आणि वर हातभर दगड, अशी आमची जागा. माझे यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये गेला. क्वार्टर चांगलं होतं, पण भिंतीत खिळा ठोकायचा तरी आम्ही दोनदा विचार करायचो, तिथं जमीन कुठली खणणार. तेलाच्या डब्यात सांबार पेरायचे मी, तुम्ही कोथिंबीर म्हणता ते. रिटायर झाल्यावर हे घर बांधलं, आणि दोन पावसाळे पाहून यजमान गेले. मग मी मागच्या दारात उभी राहिले आणि मला वाटलं, ही तर आपली जमीन. कोणाची परवानगी नको.

पहिल्या वर्षी मुरमातच वांग्याची रोपं लावली. सब्बल, म्हणजे पहार, मारली की टण्ण वाजायची. पाणी घातलं की वरच्या वर तरंगायचं आणि नालीत निघून जायचं, दुपारपर्यंत माती पुन्हा खापरासारखी. रोपं वीतभर झाली आणि तिथंच थांबली, जशी काही कोणाची वाट पाहून राहिली आहेत. दुकानातून पांढऱ्या दाण्यांचं खत आणून टाकलं. पंधरा दिवस हिरवी दिसली, मग पुन्हा तशीच. त्या खताला मी नावं ठेवत नाही, माझ्या माहेरच्या शेतातही ते पडतं. पण मुरमावर ते टाकणं म्हणजे उपाशी माणसाला चहावर चहा पाजणं. तरतरी येते, अंगाला लागत नाही.

तेव्हा मी ठरवलं, आधी माती करायची, मग झाडं. खड्डा खणून घेतला. आणि इथं माझी अक्कल गहाण पडली.

आमच्या भागात धानाचं काहीच फेकत नाहीत. तांदूळ माणसाला, कनकी कोंबड्यांना, कोंडा गाईला, तनस बैलाला, आणि वरचं तूस चुलीला. ज्या घरात तूस वाया जातं त्या घरची बाई आळशी, असं ऐकत मी वाढले. रोडवरच्या राईस मिलच्या मागं तुसाचे डोंगर पडलेले असतात, वाऱ्यानं उडून लोकांच्या डोळ्यात जातात. मला वाटलं, धानाचंच आहे, मातीतून आलं आहे, मातीत जाईल. ऑटो सांगून पोतीच्या पोती आणली. खड्डा तुसानं गच्च भरला आणि वरून रोजचा भाजीचा कचरा टाकत गेले. सगळा पावसाळा वाट पाहिली.

वरचा कचरा सडला, माशा झाल्या, वास सुटला. तो वास मुलाच्या बेडरूमच्या खिडकीतून आत गेला, तिथूनच माझे वाईट दिवस सुरू झाले. आणि खाली हात घातला तर तूस जसंच्या तसं. पिवळं, कोरडं, चमकदार. जणू आज सकाळीच मिलमधून निघालं. मी हट्टी, तरी मातीत मिसळलं. झाडं आणखी पिवळी पडली.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं. तूस म्हणजे धानाचं चिलखत. ते सहजी कुजलं असतं तर कोठीतलं बियाणं वर्षभर टिकलंच नसतं. आणि असला कच्चा, कोरडा माल मातीत गाडला, की त्याला कुजवायच्या खटपटीत माती आपलाच जीव खर्च करते, झाडाच्या वाट्याला काही उरत नाही. मी झाडांच्या ताटात वाढायचं सोडून त्यांच्याच ताटातलं काढून घेतलं होतं.

आमच्या भिंतीपलीकडं एक रिटायर गुरुजी राहतात. मूळचे साकोलीकडच्या एकोडीचे. घरची धानाची शेती आहे, ती आता भाऊ पाहतो. माणूस चांगला. पेपर वाचून झाला की भिंतीवरून माझ्याकडं देतो. पण जिभेला लगाम नाही.

"वयनी, राईस मिल इकडंच आणली का?"

"हाव. उद्घाटनाले तुम्हालेच बोलावतो," मी म्हटलं.

"तूस टाकून वांगे पिकवणार! आमच्या एकोडीत हे सांगितलं तर लोक आठ दिवस हसतील."

"हसू द्या. तेवढाच त्यांचा व्यायाम."

ह्याचं मला काही वाटलं नाही. चूक माझी होती, हसायचा त्यांचा हक्क होता. वाटलं ते पुढच्या उन्हाळ्यात. मी तो खड्डा पुन्हा उपसायला काढला होता. जुनं लुगडं खोचलेलं, कोपरापर्यंत हात भरलेले, केसात पालापाचोळा. गुरुजी भिंतीशी आले आणि या वेळी हसले नाहीत. आवाज खाली करून, अगदी मायेनं म्हणाले,

"वयनी, राग नका मानू, एक सांगतो. हे काम आता तुम्हाले शोभत नाही. मुलगा एवढ्या मोठ्या पोस्टवर. लोक पाहतात न."

बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. पण त्यातला तो 'आता' माझ्या कानात अडकला. आता शोभत नाही. म्हणजे आधी शोभत होतं. आम्ही छप्पन सालापासूनचे बौद्ध. त्याआधी गावानं आमच्या वाट्याला काय दिलं होतं, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. त्यांनी ते मनात आणून म्हटलं असं मी म्हणत नाही. न आणता म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

मी हात तसेच भरलेले ठेवून विचारलं, "मले शोभत नाही, तर मग कोणाले शोभते, गुरुजी?"

"तसं नाही वो..."

"तुमच्या भावाकडं एकोडीले गाई आहेत न?"

"आहेत न. चार."

"मग एक काम करा. पुढच्या खेपेले येताना एक बोरीभर शेण आणून द्या. मले शोभत नाही म्हणता, तुम्हाले शोभेल."

ते थोडा वेळ भिंतीवरची मुंगी पाहत राहिले, मग म्हणाले, "आणतो." मला वाटलं, टाळतील.

पण हे सगळं खिडकीतून माझ्या मुलानं ऐकलं होतं. त्याला गुरुजींचं माझ्यापेक्षा जास्त लागलं. संध्याकाळी चहाचा कप हातात तसाच धरून तो म्हणाला, "पाऊस उघडला की मागं गट्टू लावतो. पूर्ण. भिंतीपर्यंत."

"आणि माझा खड्डा?"

"बुजवायचा. तुले झाडं पाहिजेत तर कुंड्या आणून देतो. पाहिजे तेवढ्या."

"काहून पण?"

तेव्हा तो जे बोलला त्यावर माझी बोलती बंद झाली. माझी, बरं का. मी फॅक्टरीच्या बसमध्ये कंडक्टरला गप्प करणारी बाई.

"आई, आजोबानं टोपलं मोडलं हे तूच सांगते न आम्हाले? लहानपणापासून सांगते. विहारात सांगते. मग तू हे काय करून राहिली?"

आता ती टोपल्याची गोष्ट सांगायला पाहिजे.

माझं माहेर पवनी तालुक्यातलं. पावसाच्या तोंडी गावातल्या मोठ्या घरांचे उकिरडे उपसून शेतात न्यावे लागत. बंडी जाईल तिथं बंडी, आणि जिथं जात नाही तिथं आमच्या घरच्या बाया. डोक्यावर बांबूचं टोपलं, त्यात ओलं खात, म्हणजे शेणखत. ते गळून मानेवरून पाठीत उतरायचं. माय घरी आली की आधी बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, जाऊन डुंबायची, मग मला जवळ घ्यायची. त्याबद्दल पायलीभर धान मिळायचं, तेही वरून टाकलेलं, ओंजळीला हात न टेकवता. मग बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्यानं ते टोपलं अंगणात आणलं आणि गुडघ्यावर ठेवून मोडायला लागला. बांबूचं टोपलं, ते काय असं मोडतं! शेवटी दगडानं ठेचलं. कांब्या लागून त्याचे दोन्ही हात रक्ताळले. मी अगदी लहान होते, मला ते रक्त तेवढं आठवतं. बा म्हणाला, "ह्या घरातली बाई यापुढं लोकाचा उकिरडा वाहणार नाही." आणि वाहिला नाही. त्या वर्षी कामं बंद झाली, उपास पडले, पण वाहिला नाही.

ही गोष्ट मी विहारात किती वेळा सांगितली असेल. रक्ताळलेल्या हातांपाशी आले की टाळ्या पडतात. माझ्या मुलाला ती पाठ आहे. आणि तीच आज त्यानं माझ्यासमोर ठेवली.

त्या दिवशी मी उठून भांडी घासायला गेले. उत्तर माझ्याकडं होतं, पण ते मी आयुष्यभर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि एकदम तोंडातून निघेना. मी उत्तर आधी हातानं द्यायचं ठरवलं. पाऊस उघडेपर्यंत माझ्याकडं वेळ होता.

गुरुजी टाळतील असं वाटलं होतं, पण नाही टाळलं. चार दिवसांनी त्यांची स्कूटर आमच्या फाटकाशी थांबली. पुढं पायाशी बोरी, म्हणजे भरलेलं पोतं, नाकाला रुमाल. मी म्हटलं, "फाटकाशी नका ठेवू, मागं आणा." ते बोरी ओढत मागं आले. गच्चीवरून त्यांची बायको पाहत होती. "अवो, कंबर सांभाळा!" असं ओरडत होती, आणि हसत होती. बोरी खड्ड्यात रिकामी केली, नळावर हात धुतले. मी चहा दिला आणि तो त्यांनी आमच्या घरच्या कपात, आमच्या पायरीवर बसून प्यायला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. माझ्या मायनं हे पाहिलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

मग मी खड्डा मायच्या पद्धतीनं लावला. खाली काड्या-कुटक्या, म्हणजे हवा खेळते. त्यावर वाळला पाला, त्यावर हिरवा कचरा, त्यावर शेणाचं पाणी, त्यावर मूठ-मूठ माती. मग पुन्हा तेच. मायचा नेम होता: एक ओलं, दोन सुकं. नुसतं ओलं टाकलं की सडतं आणि वास मारतं, नुसतं सुकं टाकलं की वर्षभर पडून राहतं. माझं गेल्या वर्षी दोन्ही झालं होतं, वर सडकं आणि खाली सुकं, दोघांची गाठ मी घालूनच दिली नव्हती. सुनेनं भाजीचे देठ, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात केली. नवऱ्याला न सांगता. माझा पक्ष वाढला होता, फक्त जाहीर केला नव्हता.

आठ दिवसांनी मी मधोमध लोखंडी सळई खुपसली, तासाभरानं काढून मुठीत धरली. चटका बसला! मी एकटीच हसले. माय अशीच सळई माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पाय, हाये का नाही ताप? जित्ता हाये तो." ढीग तापला म्हणजे तो जिवंत आहे, आपलं काम करून राहिला आहे. थंड पडला की उलथापालथ करायची, पाणी शिंपडायचं, की पुन्हा तापतो. उरलेलं तूस मी फेकलं नव्हतं. तेही शेणाच्या पाण्यात भिजवून, थोडं थोडं करून थरांमध्ये घातलं. आता मात्र ते हळूहळू काळं पडायला लागलं.

श्रावणापर्यंत ढीग निम्मा बसला. आणि तळाशी जे तयार झालं ते मी सुनेला ओंजळीत दिलं. काळं, भुसभुशीत. त्यात देठ ओळखू येईना, टरफल ओळखू येईना, शेण तर नाहीच नाही. मूठ वळली की गोळा होतो, बोटानं टोचलं की फुटतो. सुनेनं नाकाशी नेलं.

"आई, हा तर जंगलाचा वास आहे."

"कचऱ्याचा वास गेला की समजायचं, झालं."

भिंतीलगत एक पट्टा खणून त्यात ते मिसळलं. वांगी लावली, भेदरं लावली, म्हणजे टमाटर, आणि कडेला सांबार पेरला. आता पाणी घातलं की तरंगत नव्हतं, आत जात होतं आणि आतच राहत होतं. दोन दिवस विसरलं तरी झाडं मान टाकत नव्हती. एका सकाळी खुरपं मारलं तर गांडूळ निघालं. त्या मुरमात! कुठून आलं, कोणी निरोप दिला, कोण जाणे. मी त्याला परत मातीनं झाकलं आणि सुनेला बोलावून दाखवायला पुन्हा उकरलं. बिचाऱ्याला दोनदा त्रास दिला. वांग्याची पानं माझ्या तळहाताहून मोठी झाली. मागच्या वर्षीच्या रोपांना मावा लागून पानं आकसली होती. यंदाही लागला, नाही असं नाही, पण झाड धट्टंकट्टं असल्यानं त्यातून निघालं. माणसाचंही तसंच, पोटभर खाणाऱ्याला सर्दी होत नाही असं नाही, पण तो अंथरूण धरत नाही.

मुलगा हे सगळं पाहत होता. खिडकीतून. बाहेर येत नव्हता.

पाऊस उघडला. एका रविवारी सकाळी गट्टूंनी भरलेला ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला. सोबत दोघे बसवणारे, त्यातला मोठा ओळखीचा, पुढच्या अंगणात त्यानंच काम केलं होतं. मी प्लास्टिकची खुर्ची उचलली, मागं नेली आणि उकिरड्याला पाठ लावून बसले. सत्याग्रह वगैरे नव्हता. उभं राहिलं की माझे गुडघे दुखतात.

"आई, ऊठ न," मुलगा म्हणाला.

"नाही उठत."

"लोक येऊन उभे आहेत."

"त्यांना चहा दे."

मोठा बसवणारा म्हणाला, "काकू, आम्ही बाहेरच पिऊन येतो. तुमचं चालू द्या." आणि दोघं सटकले. शहाणा माणूस.

मग मी मुलाला म्हटलं, "त्या दिवशी तू टोपल्याची गोष्ट काढली. ती अर्धीच आहे. पुढची ऐकतो का?"

तो पायरीवर टेकला.

"बानं टोपलं ठेचलं. सगळे घरात गेले. मायनं ते तुकडे गोळा केले आणि छपरात खोचून ठेवले. आठ दिवसांनी पळसाच्या मुळीची दोरी वळून तिनं ते टोपलं पुन्हा बांधलं. वाकडं-तिकडं. आणि झोपडीच्या मागं शेळीच्या लेंड्या, चुलीची राख, पालापाचोळा, बोडीतला गाळ, असं काय काय त्याच टोपल्यानं आणून टाकायले लागली. बानं पाहिलं. असा ओरडला! मी घरात लपली. 'मी हात फोडून घेतले ते यासाठी का?' म्हणे. मायनं टोपलं खाली नाही ठेवलं. म्हणाली, 'टोपल्यानं काय केलं तुमचं? त्यात कोणाचं होतं ते पहा न. तेव्हा लोकाचं होतं. आता माह्यं हाये.'"

"मग?"

"मग काय. बा दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन मागं गेला आणि तिले खड्डा खणून दिला. त्या वर्षी कामं बंद होती न आपल्या घरची? त्या खड्ड्याच्या खातावर झोपडीमागं जे वाल आणि वांगे झाले, ते खाऊन आम्ही दिवस काढले. तुझ्या आजोबाचा हट्ट त्या उकिरड्यानं टिकवला, बाबू. नाहीतर पोटानं मोडला असता."

मुलगा माझ्याकडं पाहत होता. "हे तू कधीच नाही सांगितलं."

"याच्यावर टाळ्या पडत नाहीत."

तो बराच वेळ पायरीवरचा चिखल काडीनं उकरत बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण हे मले आज माहीत झालं, लोकांना थोडी माहीत आहे? ते जे पाहतात तेच पाहतात. मी ऑफिसात काय काय ऐकतो ते तुले येऊन सांगत नाही आई."

तो माझ्यावर चिडला नव्हता, हे मला इतक्या महिन्यांनी कळलं. तो मला झाकायला पाहत होता. पण मला झाकून घ्यायचं नव्हतं.

"जो असं बोलते त्याले घरी आण," मी म्हटलं. "मी त्याले इथंच खुर्ची टाकून देतो. सळई त्याच्या हातात देतो. लोकाच्या डोळ्यांवर गट्टू नाही बसवता येत, आणि म्हणून माझ्या मातीवर बसवू नको."

बसवणारे परत आले. मुलगा उठला, त्यांच्या हातातली दोरी घेतली, एक टोक नालीपाशी धरलं आणि दुसरं ओढत माझ्या पट्ट्यापर्यंत आला. उकिरड्याच्या अगदी अंगाला लावून त्यानं ती जमिनीवर टाकली आणि मोठ्याला म्हणाला, "इथपर्यंत."

मी खुर्चीतून वाकले आणि दोरी दोन फूट त्याच्याकडं सरकवली.

त्यानं एक फूट परत सरकवली.

"फावडं फिरवायले जागा पाहिजे," मी म्हटलं आणि पुन्हा सरकवली.

मोठा बसवणारा हातात रबरी हातोडा घेऊन आमच्याकडं आळीपाळीनं पाहत होता. मुलगा म्हणाला, "राहू द्या दादा, तिथंच. नाहीतर दोरी रस्त्यावर जाईल," आणि आत निघून गेला. तो हसला असं सून म्हणते. मला पाठ दिसली.

आता मागं अर्ध्या जागेत गट्टू आहेत आणि अर्ध्यात माती. कोणी आलं की तो अजूनही म्हणतो, "आईचा शौक आहे." मी आतून ओरडून सांगते, शौक नाही. तो वांगी खातो, वरून मागतो, पण उकिरड्याला अजून हात लावलेला नाही. नको लावू. त्याची लढाई वेगळ्या ठिकाणी आहे, मला ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात विहारात वर्षावासाचा समारोप होता. बायांनी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मावशी, टोपल्याची गोष्ट सांगा." मी उभी राहिले आणि पहिल्यांदा पूर्ण सांगितली. रक्ताळलेल्या हातांपाशी टाळ्या पडल्या. मी थांबले नाही, पुढं गेले, दोरीनं बांधलेल्या टोपल्यापर्यंत, बाच्या कुदळीपर्यंत. संपलं तेव्हा एकही टाळी नाही. समोरच्या बाया एकमेकींकडं पाहत होत्या. एक जण पदर तोंडाला लावून उठून गेली. मला वाटलं, चुकलं का माझं? बाचा मान कमी केला का? पण बसले नाही. म्हटलं, जे झालं ते झालं असंच सांगणार.

मग मागून एक म्हातारी उठली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. काठीवर टेकून माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तिनं माझा हात धरला, तळवा उलटा केला, नखांतली काळी माती पाहिली आणि मोठ्यानं विचारलं,

"बाई, माह्या घरामागं तुसाचा ढीग पडला हाये. तो टाकाव का नाही उकिरड्यात?"

"टाका," मी म्हटलं. "पण आधी शेणाच्या पाण्यात आठ दिवस भिजू द्या. आणि थोडं थोडं टाका, माझ्यासारखं नका करू."

"मंग कदी येऊ पाहाले?"

"उद्याच या. पुढून नका येऊ, मागच्या दारानं या. तिकडंच असतो मी."